समोसा, शिंगाडा आणि करंजी

बदली होऊन कोलकात्यात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची एका शब्दापायी हमखास फसगत होते. शेजारच्या बंगाली घरून चहाचे बोलावणे येते आणि यजमानीणबाई प्रेमाने 'शिंगाडा' पुढे करतात. पाहुणी मनातल्या मनात तिथी मोजू लागते. कारण मराठी घरात शिंगाडा म्हणजे एकादशीचा, शिवरात्रीचा, उपासाचा जिन्नस. बशीत मात्र असतो बटाट्याचे सारण भरलेला, तीन टोकांचा, खरपूस तळलेला समोसा. आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांना यात आता नवल उरलेले नाही. सभा संपल्यावर चहाबरोबर जो पदार्थ गेली पन्नास वर्षे निष्ठेने हजर होत आला आहे, त्याला आपणही शिंगाडाच म्हणतो. परंतु दिल्लीकर ज्याला समोसा म्हणतात त्याला बंगालने तळ्यातल्या एका फळाचे नाव का द्यावे, आणि समोसा हे नाव तरी मुळात कोठले, याचा शोध घेऊ लागले की वाट थेट बगदादपर्यंत जाते आणि परतताना आपल्या नंदुरबारावरून येते. परमुलखात जाऊन स्थायिक होणारी माणसे असतात, तसेच शब्दही असतात. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत अशा एका शब्दाची कुळकथा सांगणे अप्रस्तुत होणार नाही, असे वाटते.

समोसा हा शब्द फारसी कुळातला आहे, याविषयी अभ्यासकांत वाद नाही. इस्लामपूर्व इराणच्या भाषेत त्याचे रूप 'संबोसग' असे धरतात. अरबांनी इराण जिंकल्यावर तेथील अनेक पक्वान्ने त्यांच्या नावांसह अरबी स्वयंपाकघरात गेली. जाताना या नावांच्या शेवटचा 'ग' बदलून 'ज' झाला, आणि इराणच्या नव्या फारसीत तोच 'ग' साफ गळून पडला. म्हणून अरबीत 'संबूसज' आणि फारसीत 'संबूसा'. हा नियम एकट्या समोशाचा नाही. ज्याला आपण फालुदा म्हणतो, त्याचे मूळ नाव 'पालूदग', अरबी रूप 'फालूदज' आणि फारसी रूप 'पालूदा'. दोन्ही शब्दांनी अगदी एकाच जिन्यावरून पायऱ्या उतराव्यात, तसा हा प्रकार आहे. ही साखळी इतकी स्वच्छ असता, पिरॅमिडांच्या आकारावरून समोशाला नाव मिळाले अशी जी एक गोष्ट अधूनमधून वाचावयास मिळते, तिची काहीच आवश्यकता उरत नाही. आकारावरून नाव पडले ते बंगालात. त्याकडे पुढे येऊच.

संबूसाचा मध्यला 'ब' कोठे गेला, हा प्रश्न मराठी माणसाला विशेष रोचक वाटावा. उत्तरेकडील भाषांना 'म्ब' हा जोड फारसा मानवत नाही. आपला 'आंबा' त्यांचा 'आम' होतो, आपला 'निंब' त्यांचा 'नीम'. याच रीतीने संबोसा हा समोसा झाला. म्हणजे हा शब्द हिंदुस्थानात येऊन दिल्लीच्या बाजूच्या तोंडी घडला. तो प्रथम महाराष्ट्रात रुजला असता, तर आज कदाचित आपण 'सांबोसा' खात असतो!

आता कागदोपत्री पुराव्याकडे वळू. बगदादच्या खलिफांच्या दरबारातील प्रख्यात गायक व कवी इसहाक अल्-मौसिली हा इ. स. ८५० मध्ये वारला. त्याने संबूसजवर रचलेली एक कविता दहाव्या शतकातील इतिहासकार मसूदी याने आपल्या ग्रंथात जपून ठेवली आहे. त्या काळच्या खलिफांच्या बैठकीत पक्वान्नांवरच्या कविता म्हणून दाखविल्या जात आणि मग तीच पक्वान्ने ताटात येत. कविता ऐकून भूक वाढविण्याची ही प्रथा आपल्या साहित्य-संमेलनांनी उचलावयास हरकत नाही. पुढे गझनीच्या दरबाराचा इतिहास लिहिणारा अबुल फझल बैहकी (९९५ ते १०७७) यानेही संबूसाचा उल्लेख केला आहे.

सर्वांत उपयोगी पुरावा मात्र पाकशास्त्राच्या पुस्तकाचा आहे. बगदादमध्ये इ. स. १२२६ मध्ये लिहिल्या गेलेल्या एका प्रसिद्ध पाकग्रंथात संबूसजची कृती दिलेली आहे. शिजवून बारीक केलेले मांस मसाल्यात परतावयाचे, पातळ पोळीच्या लांब पट्ट्या कापावयाच्या, पट्टीच्या टोकाशी सारण ठेवून तिच्या त्रिकोणी घड्या घालीत जावयाचे, शेवटची कड भिजवलेल्या पिठाने चिकटवावयाची आणि तिळाच्या तेलात तळावयाचे. मुंबईच्या इराणी हॉटेलांत वा मोहल्ल्यांत ज्यांनी पट्टी समोसा खाल्ला आहे, त्यांना ही कृती वाचताच तो आठवेल. शंकूसारखी पारी करून ठासून भरलेला, जाड आवरणाचा बटाट्याचा समोसा आपणास अस्सल वाटतो. पण बगदादच्या आचाऱ्याने मुंबईच्या पट्टी समोशालाच चटकन ओळख दिली असती. त्याच ग्रंथात मांसाऐवजी साखर आणि बदाम यांचे सारण घालून केलेला गोड प्रकारही सांगितला आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. करंजीचा विचार करताना ती उपयोगी पडेल.

दिल्लीत सुलतानांची सत्ता स्थिरावली आणि तिच्याबरोबर हा पदार्थ हिंदुस्थानच्या दरबारी ताटात आला. अमीर खुसरो (१२५३ ते १३२५) याच्या लेखनात अमीर-उमरावांच्या खाण्यातील मांस, तूप आणि कांदा घातलेल्या समोशाचा उल्लेख येतो. लोकपरंपरेने त्याच्याच नावावर घातलेला एक द्व्यर्थी उखाणाही उत्तरेत घरोघर ठाऊक आहे. समोसा का खाल्ला नाही आणि जोडा का घातला नाही, या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर द्यावयाचे. एकाला तळलेला नव्हता आणि दुसऱ्याला तळ नव्हता, अशी ती शब्दाची गंमत आहे. मराठीतही ती जशीच्या तशी साधते, हे विशेष. उखाणा खुसरोचाच, असे भाषापंडित छातीठोकपणे म्हणत नाहीत. परंतु समोसा दरबारातून उठून लोकांच्या थट्टामस्करीत येऊन बसला, एवढे त्यावरून खचित कळते.

यानंतरचा साक्षीदार मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. इ. स. १३३३ मध्ये तो सिंधूच्या काठी पोचला आणि मुलतानहून दिल्लीस निघाला. वाटेतील मुक्कामांवर बड्या पाहुण्यांना कसे जेवण मिळे, याचे त्याने तपशीलवार वर्णन केले आहे. बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाले घालून शिजविलेला खिमा पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळत आणि प्रत्येकापुढे असे चार-पाच नग ठेवीत. त्याला त्याने 'समूसक' म्हटले आहे. म्हणजे चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातच येथे मधला 'ब' नाहीसा झाला होता.

हाच इब्न बतूता इ. स. १३४२ मध्ये महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे जाण्यास निघाला आणि धार, उज्जैन, दौलताबाद या मार्गाने नंदुरबारास आला. तेथे त्याला मराठे भेटले. ते कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असे सांगून तो त्यांच्या भोजनाविषयी लिहितो. त्यांचे अन्न म्हणजे भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल. प्राण्यांना दुःख देणे त्यांना रुचत नाही आणि जेवणापूर्वी ते काटेकोरपणे अंग धुतात. सहाशे-पावणेसातशे वर्षांपूर्वीचे, एका परक्याच्या डोळ्यांनी पाहिलेले मराठी ताट आपल्याला असे क्वचितच पाहावयास मिळते. सुलतानाचा समूसक आणि खानदेशातील भात-भाजी एकाच माणसाने एकाच ग्रंथात नोंदवावी, आणि त्या दोहोंत तेव्हा काहीही देवघेव नसावी! तिळाचे तेल तेवढे बगदादेत आणि नंदुरबारात समान.

इब्न बतूता ज्या धारेवरून गेला, तिच्याजवळच मांडवगड आहे. अठराव्या शतकात तो धारच्या पवारांच्या अमलाखाली आला, त्यामुळे माळव्यातील मराठी कुटुंबांना तो घरचाच वाटतो. तेथील सुलतान घियासुद्दीन खलजी (राज्यकाल १४६९ ते १५००) याने राज्यकारभार मुलाच्या हाती सोपवून उर्वरित आयुष्य सुखोपभोगात घालविले. त्याच्या हौशीतून 'निमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ निर्माण झाला आणि त्याचा मुलगा नासिरुद्दीन याच्या काळात तो पुरा झाला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशाच्या एकदोन नव्हे, अनेक कृती आहेत. चित्रांत सुलतान ऐटीत बसलेला असून समोर सेवकवर्ग समोसे तयार करण्यात गुंतलेला दिसतो. मांडूला सहलीस जाणारी मंडळी जहाजमहाल आणि रूपमतीचा मंडप पाहून परततात. या राजवाड्यांत समोशाची शास्त्रोक्त उपासना चालत असे, हे त्यांना वाटाड्या सांगत नाही.

इथवर समोसा हा दरबारचा आणि बव्हंशी परका पदार्थ आहे. तो आपला केव्हा झाला, याचे उत्तर मला अकबरकालीन 'ऐन-इ-अकबरी'तील एका छोट्या वाक्यात सापडते. योगायोग असा की तिचा कर्ताही अबुल फझल नावाचाच. बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची यादी देताना तो 'कुतब' नावाच्या पदार्थापाशी येतो आणि म्हणतो की, हिंदचे लोक याला संबूसा म्हणतात. दहा शेर मांस, चार शेर मैदा, दोन शेर तूप, एक शेर कांदा, पाव शेर आले असे त्याचे प्रमाण तो देतो आणि हा पदार्थ वीस तऱ्हांनी करता येतो, असेही नमूद करतो. त्याचे वाक्य पुन्हा वाचावे. ज्या शब्दाने इराणातून बिऱ्हाड हलविले, बगदाद पाहिले, गझनी पाहिली, तो शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस, फारसीतच लिहिणाऱ्या पंडिताला 'हिंदच्या लोकांचा' वाटतो. दाखल्यात जन्मस्थान काही का असेना, भोवतालच्या लोकांनी 'हे यांचे' म्हणावे, हीच शब्दाच्या नागरिकत्वाची खूण. समोशाला ती सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वी मिळाली.

आणि नेमक्या त्याच शतकात संस्कृत पंडितही या पदार्थाकडे पाहत होते. भावमिश्राचा 'भावप्रकाश' हा आयुर्वेदाचा ग्रंथ सोळाव्या शतकातला. त्यातील सिद्ध अन्नांच्या प्रकरणात 'मांसशृंगाटक' नावाची कृती आहे. बारीक कापून शिजविलेले मांस, त्यात लवंग, हिंग, मिरी, आले, वेलदोडा, जिरे, धने, लिंबाचा रस. हे सर्व तुपात परतावयाचे. या सारणाला भावमिश्र 'पूरण' म्हणतो. आपल्या पुरणपोळीतील पुरण ते हेच. शब्दाचा अर्थ 'भरावयाचे ते', गोड की तिखट याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मग गव्हाच्या पिठाचे शृंगाटक करून त्यात हे पूरण भरावयाचे आणि पुन्हा तुपात तळावयाचे. शृंगाटक म्हणजे शिंगाडा. 'शृंग' म्हणजे शिंग. टोकदार शिंगे असलेले ते फळ. अमरकोशात शृंगाटक हा शब्द रस्ते जेथे मिळतात त्या चव्हाट्यासाठीही दिलेला आहे. तेथेही टोके असलेल्या आकृतीची कल्पना दिसते. थोडक्यात, फारसी नाव न घेता पदार्थाच्या आकाराकडे पाहून पंडितांनी त्याचे घरचे नाव ठेविले.

पंडितांनी ठेविलेली नावे सहसा पोथीतच राहतात. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडिताने सिद्ध केलेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी शब्दांना कितीतरी सुंदर संस्कृत प्रतिशब्द दिले होते. तरीही आपला दप्तराशी आणि जमाखर्चाशी असलेला संबंध सुटला नाही. शृंगाटकाचे नशीब मात्र निराळे. बिहार, ओरिसा, बंगाल, आसाम या पूर्वेच्या पट्ट्यात ते 'सिंघाडा', 'शिंगाडा' या लोकरूपाने टिकले. पोथीत होते म्हणून नव्हे. तळ्यातळ्यांतून शिंगाडा पिकणाऱ्या या प्रदेशात तशा आकाराच्या वस्तूला लोकांना दुसरे नाव सुचणेच कठीण होते. बंगालात तर याहून गंमत झाली. पदार्थाने फळाचे नाव इतके पुरते बळकाविले की फळाला बिचाऱ्याला नवे नाव घ्यावे लागले. बंगाली बाजारात आपला उपासाचा शिंगाडा हवा असेल, तर 'पानिफळ' मागावे लागते. कोलकात्यात वीस वर्षे काढूनही दुकानात कोरडा शिंगाडा मागणारे आणि गरम समोसे घेऊन परतणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांनी ते समोसे एकादशीला खाल्ले किंवा नाही, हे विचारण्याचे धाडस मी केलेले नाही.

आजच्या शिंगाड्यातील बटाटा मात्र या सर्व ग्रंथकारांना अज्ञात होता. तो पोर्तुगीजांबरोबर आला, आणि पश्चिम किनाऱ्यावर आपण वस्तूबरोबर त्यांचे नावही घेतले : बटाटा. उत्तरेने आणि बंगालने वस्तू घेतली, पण 'आलू' हे कंदमुळांचे जुने संस्कृत नाव तिला दिले. जे समोशाचे झाले तेच बटाट्याचे. काही लोक पाहुण्याला त्याच्या नावाने हाक मारतात, काही त्याचे नव्याने बारसे करतात. बटाट्याने मांसाची जागा घेतल्यावरच समोसा शाकाहारी घरांत निःसंकोच शिरला आणि त्याची खरी सद्दी सुरू झाली. कोलकात्यात हिवाळ्यात फ्लॉवर घातलेला शिंगाडा मिळतो, तो या साऱ्या घराण्यातील शेंडेफळ; आणि माझ्या मते सर्वांत गुणी.

हिंदुस्थानाबाहेर या शब्दाची शाखा फार विस्तारलेली आहे. उझबेकिस्तानात 'सोम्सा' तंदुरात भाजतात. सोमालिया आणि इथिओपियात 'सांबुसा' रमजानात घरोघर होतो. ब्रह्मदेशात आणि दक्षिण आफ्रिकेत तो भारतीयांबरोबर गेला. गोव्याने पोर्तुगीजांच्या जिभेसाठी त्याचा 'शामुसा' केला. मोझांबिकचा कारभार इ. स. १७५२ पर्यंत गोव्याहून चाले, त्यामुळे गोमंतकीयांचे तेथे जाणे-येणे जुने. त्यांच्याबरोबर शामुसा आफ्रिकेत पोचला आणि तेथून लिस्बनला. हैदराबादची 'लुखमी' ही त्याची चौकोनी बहीण, पण तिचे नाव वेगळ्या घरचे. अरबीत लुकमा म्हणजे घास. खुद्द इराणात मात्र सोळाव्या शतकानंतर संबूसा मागे पडत गेला आणि लारिस्तानसारख्या थोड्या प्रांतांपुरता राहिला. गावी घर बंद आणि वंश सातासमुद्रांपार, अशी त्याची स्थिती झाली.

राहिली आपली करंजी. बगदादच्या ग्रंथात साखर-बदामाचा गोड संबूसज सापडल्यामुळे करंजी ही समोशाची मुलगी, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. मला तो पटत नाही. पिठाच्या पारीत गोड सारण भरून तळणे ही कल्पना एकाच देशाला सुचली असली पाहिजे, असे मानण्याचे कारण नाही. आणि नावाचा पुरावा तर अगदी उलट जातो. करंजीचे नाव करंजाच्या शेंगेवरून आले आहे. ज्यांनी कोकणात किंवा नदीकाठी करंजाचे झाड पाहिले असेल, त्यांना ती चपटी, एका बाजूला फुगीर, टोकाशी किंचित वळलेली शेंग आठवेल. तिच्यात बहुधा एकच बी असते. करंजीत सारण असावे तसे. म्हणजे बंगालने समोशाला तळ्यातले फळ म्हटले, त्याच वृत्तीने आपण करंजीला झाडावरची शेंग म्हटले. कर्नाटकातील 'करजीकाई' आणि आंध्रातील 'कज्जिकायलु' यांच्या नावांतही 'काय' म्हणजे फळ दडलेले आहे. गोव्यात तीच 'नेवरी', गुजरातेत 'घुघरा', उत्तरेत 'गुझिया', आणि महाराष्ट्रातही कित्येक घरांत 'कानवला'. तमिळनाडूत मात्र अशाच गोड पदार्थाला 'सोमास' म्हणतात, आणि ते ऐकताच समोशाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

बंगालात करंजीच्या जवळची म्हणजे 'पुली'. अर्धचंद्राकृती, आत खोबरे आणि हिवाळ्यातला खजुराचा गूळ. आपल्या मंडळाच्या कुटुंबांतील तिसऱ्या पिढीची मुले शाळेत बंगाली मित्रांना डबा दाखविताना करंजीला सर्रास पुली म्हणतात. दिल्लीहून येथे आलेली मुले गुझिया म्हणतात. यावरून गेल्या काही वर्षांत मंडळात बरीच चर्चा झाली आहे. मुलांना शेजारी कळावे म्हणून वापरलेला शब्द वावगा नाही, असे माझे मत आहे. त्यांनी आजीपाशी कोणता शब्द वापरावा, हा प्रश्न निराळा आहे आणि तो आजीने सोडवावयाचा आहे. शृंगाटक हा शब्द टिकला तो रोज चहाबरोबर उच्चारला गेला म्हणून. करंजी वर्षातून एकदाच, दिवाळीला होत असेल, तर नुसत्या शब्दाबद्दल हळहळून काय उपयोग?

मागल्या दिवाळीत मंडळाने फराळाची पाकिटे विक्रीस ठेविली, तेव्हा बंगाली गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी वेष्टनावर 'मराठी पुली' असे छापावे, अशी एक सूचना कार्यकारिणीपुढे आली. तासभर वाद झाला. शेवटी देवनागरी आणि बंगाली अशा दोन्ही लिप्यांत 'करंजी' एवढेच छापावे, असे ठरले. सर्व पाकिटे धनत्रयोदशीलाच संपली.